चार आण्यांची जांघ

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीइतकाही संबंध नाही अशा चौकस मंडळींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सोलापुरातल्या एका होतकरू फुटबॉलपटूची उजवी जांघ त्या वर्षी दिवाळीच्या आधीच ठणठणीत बरी झालेली होती. ही बातमी उभ्या गावात फक्त एका माणसाला ठाऊक होती. तो माणूस त्या जांघेचा मालक नव्हता. मालक मी. मला ती संक्रांतीला कळली, तीही उलटा लटकलेलो असताना.

तीस सालचा मार्शल लॉ येऊन गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांचा होतो. वडील शाळामास्तर, आणि मी नव्या पेठेतल्या एका वकिलांकडे कागदांच्या नकला उतरवायला. दिवसभर ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ लिहून बोटं निळी व्हायची. संध्याकाळी तीच बोटं धोतराला पुसून मी मैदानावर हजर. आमच्या टीममध्ये मी राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने चेंडू घेऊन पळणारा. बूट अकरा जणांत दोघांकडे. मी अनवाणी पळायचो आणि, आता खोटा विनय कशाला दाखवू, वाऱ्यासारखा पळायचो.

आषाढात रेल्वेच्या एका साहेबाने मला खेळताना पाहिलं. हा साहेब रेल्वेची टीम बांधायचा, आणि चांगला खेळणारा दिसला की त्याला आधी नोकरीला लावायचा, मग जर्सी द्यायचा. त्याने आमच्या कॅप्टनला सांगितलं, “संक्रांतीच्या रविवारी आमच्याशी मॅच घ्या. हा पोरगा त्या दिवशीही असाच पळाला, तर होटगीच्या मालधक्क्यावर याला क्लार्क म्हणून बसवतो.”

होटगी! गावाचं नाव ऐकून कुणाचं काळीज धडधडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझं धडधडलं. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, प्रवासाला पास आणि रेल्वेच्या टीमची जर्सी. वकिलांच्या कागदांवर मान मोडत म्हातारं व्हायचं की होटगीला जाऊन चेंडू खेळत साहेब व्हायचं, हे त्या एका मॅचवर ठरणार होतं. मी मनातल्या मनात क्वार्टरपुढे तुळससुद्धा लावून टाकली.

आणि नागपंचमीच्या आठवड्यात माझी जांघ गेली. मैदान तव्यासारखं टणक, त्यावर वरवर पावसाचा चिखल. लांबचा चेंडू अडवायला उजवा पाय बाहेर टाकला, तो पाय पुढे घसरत गेला आणि मी मागे राहिलो. आत काहीतरी धोतर फाटावं तसं टरकलं. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी. सायकलवर टांग टाकणं तर बंदच.

“कुठं दुखतंय?” आईने विचारलं.

“पायाला.”

“पायाला कुठं?”

“वर.”

“गुडघ्याला?”

“त्याच्याही वर.”

आई म्हणाली, “वडिलांना सांग.” वडील म्हणाले, “डॉक्टरांना सांग.” डॉक्टरांनी काळी पट्टी चिकटवून तीन आठवडे आडवं पडायला सांगितलं. मी पडलो. दुखणं गेलं. गणपतीत उठून मैदानावर गेलो, चेंडूला पहिली लाथ मारली आणि जागच्या जागी पुन्हा टर्रर्र.

आमचा कॅप्टन गोलकीपर होता. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, बाहेर सोलापुरी. रागावला की बाहेरचा घरात जायचा, म्हणजे मराठीतून तेलुगूत. त्याने मला पाठुंगळीला मारल्यासारखं उचललं आणि म्हणाला, “डॉक्टर बास झाले. वस्तादांकडं चल.”

वस्ताद म्हणजे आमच्या गल्लीमागच्या तालमीचे वस्ताद. साठीचे, मूळचे सांगोल्याकडचे. घरात मेंढरं होती, म्हणून खांद्यावर बारा महिने काळं घोंगडं. कुस्त्या खेळून दोन्ही कान गुलाबजामासारखे गोळा झालेले. त्यांनी मला दारातच थांबवलं.

“बगलंत काय हाय?”

“चेंडू.”

“चामड्याचा? भाईर ठेव. तालमीत चामडं आनायचं न्हाय.” मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, “म्हंजी तू लाथा मारतोस?”

“चेंडूला.”

“त्येनं तुजं काय वाकडं केलंया?”

कॅप्टनने होटगीची सगळी कथा सांगितली. मॅच कधी, साहेब काय म्हणाला, सगळं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मॅचवर माझं काय अवलंबून होतं ते वस्तादांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“पडून राहिल्यानं शीर बरी हुत न्हाय,” ते म्हणाले. “मऊ हुती. मऊ दोरीनं मोट वडली की काय हुतंय?”

“दोरी तुटते.”

“मग दोरीला पीळ भराय पायजे. उद्या ये.”

आई म्हणाली, पितृपंधरवड्यात कुणी नवं काम सुरू करतं का? मी ते वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, “शीर तुटली तवा पंचांग बगितलं हुतंस?”

आता मला कबूल करायला हवं, आणि कबूल करताना आजही मजा वाटते, की त्या माणसाला जांघ कळत होती. पहिल्या दिवशी मला मातीत उताणं निजवलं, गुडघे उभे करायला लावले आणि दोन गुडघ्यांमध्ये आपलं घोंगडं गुंडाळून ठेवलं.

“दाब.”

मी दाबलं. “आई गं!”

“किती दुखतंय?”

“खूप.”

“खूप म्हंजी किती आनं? बोंब मारून जीव जातोय ते सोळा आनं. कायच न्हाय ते शून्य.”

मी विचार करून म्हणालो, “दहा.”

“मग हळू दाब. दोन आनं दुखंल इतकंच दाबायचं. चार आनं झालं की थांबायचं. आन् समदा जोर लावून दोन आन्याच्या आत आलं की तू मैदानाला मोकळा. तवर न्हाय.”

ही आमची चलनपद्धती. रोज पहाटे घोंगडं दाबायचं, वीस मोजायचे, सोडायचं. दहा आणे आठवड्यात सातवर आले. मग कुशीवर निजून खालचा पाय उचलणं सुरू झालं. मग वस्तादांनी खांबाला जुना फेटा बांधला, त्याचं दुसरं टोक माझ्या घोट्याला, आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय फेट्याच्या ओढीविरुद्ध आत आणायचा. मग शहाबादी फरशीवर पायाखाली गोणपाट घेऊन पाय बाहेर सरकवायचा आणि लाज न जाऊ देता परत आणायचा. वकिलांकडे मी टेबलाखाली एका दिवाणी दाव्याचं जाडजूड दप्तर गुडघ्यांत धरून दाबत बसायचो. वकीलसाहेबांनी एकदा वाकून पाहिलं, दप्तराकडे पाहिलं, माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता सरळ झाले. वकील लोक नको ते प्रश्न विचारत नाहीत.

सहा आणे. पाच. नवरात्र संपता संपता चार.

आणि चारावर गाडी थांबली.

दर शनिवारी वस्ताद परीक्षा घ्यायचे. मी उताणा, गुडघ्यांत घोंगडं, आणि ते शेजारी उकिडवे बसून माझ्या जांघेच्या शिरेवर अंगठा ठेवायचे. “शीर कशी तानती ते बगतो,” म्हणायचे. मी सगळा जोर लावून दाबायचो. “किती?” “चार.” पुढच्या शनिवारी, “किती?” “चार.” ते मान हलवायचे, जीभ टाळ्याला लावून च्च करायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख दिसायचं की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटायचं.

दिवाळीत घरी मी उशी घेतली आणि गुडघ्यांत दाबली. काही नाही. पुन्हा दाबली, उशीची शिवण उसवली. काहीच नाही. मी धावत तालमीत गेलो.

“वस्ताद, घरी शून्य आलं!”

“कशानं?”

“उशीनं.”

“कापूस दाबून कुनाला दुखतंय रं? हितं घोंगडं हाय. नीज.”

मी निजलो. अंगठा. चार आणे.

माझा पाय मला एक सांगत होता, वस्ताद दुसरं. मी पायाला खोटं ठरवलं. आजवर मी पुष्कळांवर विश्वास ठेवून फसलो आहे, पण स्वतःच्या अवयवाला लबाड म्हणण्याइतका दुसऱ्या कुणावर ठेवलेला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी मला मल्लखांबावर चढवलं. “हेबी औषधच,” म्हणाले. तेल लावलेला सागवानी खांब, आणि त्याला मांड्यांनी घालायची ती पकड, अढी. हातांनी काही नाही, दोन्ही जांघांनी खांब आवळायचा. पहिले दिवस मी घसरून ओल्या टॉवेलासारखा खाली पडायचो. मग टिकायला लागलो. मग उलटा व्हायला लागलो. आणि एके दिवशी डोकं खाली, हात मोकळे, नुसत्या मांड्यांवर मी तरंगत राहिलो, तेव्हा वस्ताद मातीत बसले. घोंगड्याने तोंड पुसलं. म्हणाले, “आट वरसांनी बगतुया मी ही अढी.”

त्यांच्या तालमीतला मल्लखांबाचा शेवटचा चांगला गडी आठ वर्षांपूर्वी मुंबईला गिरणीत गेला होता. तेव्हापासून संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत खांबाचा मान पलीकडच्या तालमीकडे. हे मला ठाऊक होतं. फक्त त्याचा माझ्या जांघेशी काही संबंध असेल, हे सुचलं नाही. मला ते गुरूचं प्रेम वाटलं. खरं सांगतो, मी घरी जाऊन आईला सांगितलं, “आज वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं,” आणि आईने मला जास्तीचं तूप वाढलं.

मॅचच्या आधीच्या शनिवारी शेवटची परीक्षा. चार आणे.

“न्हाय पोरा,” वस्ताद म्हणाले. “मैदानावर पाय टाकलास तर जल्माचा लंगडा हुशील. त्यापरीस रविवारी गड्ड्यात खांबावर ऱ्हा. खांबावर झटका बसत न्हाय.”

मी कॅप्टनकडे गेलो. तो मागावर बसला होता. धोटा थांबवून त्याने विचारलं, “किती?”

“चार आणे.”

“चार आण्यासाठी होटगी सोडतोस?”

“जन्माचा लंगडा होईन, असं वस्ताद म्हणतात.”

त्याने धोटा पुन्हा एकदा फेकला. मग म्हणाला, “वस्ताद म्हणतात तर खरं असेल. पड घरी. मी साहेबाला सांगतो, अंथरुणात आहे म्हणून.” गड्ड्याचं मी त्याला सांगितलं नाही. औषध घेतोय, त्यात सांगायचं काय, असं स्वतःला समजावलं. खरी गोष्ट ही की सांगायची लाज वाटली.

रविवारी दुपारी जत्रा ऐन रंगात. पाळणे, पिपाण्या, तिळगूळ, धूळ, आणि खांबाभोवती माणसांचं कडं. माझ्या अंगावर लंगोट आणि तेल, बाकी काही नाही. पलीकडच्या तालमीचा गडी आधी उलटा राहिला आणि साठ मोजेपर्यंत टिकला. मग मी. खांबाला नमस्कार केला, चढलो, अढी घातली, उलटा झालो, हात सोडले. वस्तादांनी मोजायला सुरुवात केली. वीस. चाळीस. साठ झाले तेव्हा लोक मोठ्याने त्यांच्याबरोबर मोजू लागले.

आणि ऐंशीच्या सुमारास, सगळं सोलापूर डोक्यावर उभं दिसत असताना, माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. किती आणे? मी आत शोधलं. एक आणासुद्धा नव्हता. सगळं शरीर दोन मांड्यांवर लोंबतंय, रक्त डोक्यात उतरतंय, मांड्या थरथरताहेत, आणि जांघेत दुखणं शून्य.

शंभर झाले. मी उतरलो. पिपाण्या वाजल्या, कुणीतरी वस्तादांना फेटा बांधायला घेतला. पलीकडच्या तालमीचे वस्ताद, दखनी बोलणारे, दिलदार माणूस, माझ्याजवळ आले आणि माझी पाठ थोपटली.

“वा रे पठ्ठे! कब से करताय?”

“दिवाळीपासून. जांघ दुखावली आहे ना, म्हणून औषधाला.”

“दुखती जांघ?” ते मोठ्याने हसले. “कायकू झूट बोलता बाबा! दुखत्या जांघेनं माणूस खांबावर पाच मोजेपर्यंत राहात नाही. दुखती किसने बोला?”

“आमच्या वस्तादांनी. दर शनिवारी तपासतात. अंगठा ठेवून.”

त्यांचं हसणं थांबलं. “अंगठा काढून कधी बघितलं?”

मी तिथेच, त्या गर्दीत, धुळीत उताणा झालो. त्यांच्याच खांद्यावरची चादर गुंडाळून गुडघ्यांत घेतली आणि जीव खाऊन दाबली. शून्य. मग मी माझा स्वतःचा अंगठा डाव्या जांघेच्या शिरेवर ठेवला. डाव्या, कधीही न दुखावलेल्या, निष्पाप जांघेवर. अंगठा रोवला आणि दाबलं.

चार आणे. पुरते चार आणे.

मी मान वळवली. अर्धा फेटा बांधलेले वस्ताद माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नजर खाली घेतली आणि फेटा बांधणाऱ्याला म्हणाले, “आवळ की जरा.”

मी पळालो. मैदान तिथून मैलभर. अंगाला तेल, तेलावर जत्रेची धूळ, कमरेला लंगोट, आणि आषाढात पळालो नव्हतो तेवढ्या वेगाने मी सोलापुरातून धावलो. बायका दारं लावून घेत होत्या. एक टांगा बिचकला. जांघ? सोन्यासारखी चालत होती. प्रत्येक पावलाला मला ती सांगत होती, बघ, बघ, बघ.

मैदानावर पोचलो तेव्हा माणसं पांगत होती. साहेब माझ्या जागी खेळलेल्या पोराचा हात हातात घेऊन उभा होता आणि वहीत त्याचं नाव लिहीत होता. त्या पोराने गोल केला होता, आणि चांगला केला होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. साहेबाने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं, अंथरुणात असलेला माणूस असा दिसतो तर, असं तोंड केलं आणि वही मिटली.

कॅप्टन गोलच्या खांबाला टेकून बसला होता.

“दुपारी दोघं जण सांगत आले,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमचा राइट आउट गड्ड्यात उलटा लटकलाय म्हणून. मी त्यांच्याशी भांडलो. एकाची गचांडी धरली. म्हटलं, माझा मित्र चार आण्याला घरी पडलाय, त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही.”

“अरे, ऐक तरी. मला वस्तादांनी...”

“पळत आलास ना आत्ता? मी बघितलं. लई छान पळतोस.” आणि तो तेलुगूत गेला. त्यानंतर तो माझ्याशी वर्षभर मराठी बोलला नाही.

ते मला फार लागलं. होटगी गेली ती गेली, क्वार्टरपुढची तुळस वाळली ती वाळली. पण ज्याला फसवायचं माझ्या मनातही नव्हतं त्याच्या लेखी मी फसवणारा ठरलो, आणि ज्याने मला फसवलं तो जत्रेत फेटा बांधून मिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो. रात्रभर मी भाषण तयार केलं होतं. त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द पाच वेळा होता आणि वकिलांच्या कागदांतली दोन कलमंही होती. वस्ताद एकटेच होते. फावड्याने हौद्यातली माती उलटी करत होते, तिच्यात ताक ओतत होते. काल मिळालेला फेटा खुंटीवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

भाषण गेलं कुठल्या कुठे. मी एवढंच म्हणालो, “वस्ताद, तुम्ही अंगठा दाबत होतात.”

फावडं चालत राहिलं. “व्हय.”

“दिवाळीपासून?”

“दिवाळीच्या आदीपासनं.”

“मी बरा झालो होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. मॅच ठाऊक होती. होटगीसुद्धा ठाऊक होती.”

“व्हय की.”

“मग एकदा, एकदा तरी ‘बरा झालास’ म्हणायला तुमचं काय जात होतं?”

त्यांनी फावडं मातीत रोवलं, पहिल्यांदा माझ्याकडे वळले, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे, एकदम, चढ्या आवाजात बोलून गेले, “आरं, बरा झालास म्हनलं असतं तर तू गेला असतास की!”